कात्रणांचं ॲप आणि आजीव वर्गणी

माझा धंदा जमाखर्चाचा. सॉफ्टवेअर मला वापरण्यापुरतं कळतं, पण गेल्या वर्षभरात एका मित्राच्या ॲपच्या नादानं जरा जास्तच कळायला लागलंय. हे प्रकरण त्याचं. त्याच्या परवानगीनं लिहितोय; ओळख पटेल असे तपशील गाळलेत आणि विक्रीचे आकडे गोल केलेत. किंमत ठरवताना प्रत्येक वेळी मी शेजारी बसलेलो होतो, त्यामुळे चुकांत माझाही वाटा आहे. एका चुकीत तर सिंहाचा.

पार्श्वभूमी

मित्र चाळिशीतला, पुण्यात आयटी कंपनीत नोकरीला. त्याच्या वडिलांना वर्तमानपत्रांतल्या लेखांची कात्रणं जमवायची सवय. खळीनं जाड वहीत चिकटवायची, वर शाईनं तारीख टाकायची. मुलानं तेच फोनवर सुरू केलं. दिसलेला लेख साठवायचा, रात्री किंवा लोकलमध्ये वाचायचा, आवडला तर खूण करून ठेवायचा. त्यासाठी तो ऑम्निव्होर नावाचं मोफत, मुक्तस्रोत (ज्याचा कोड कोणालाही पाहता-वापरता येतो असं) ॲप वापरायचा. २०२४ च्या ऑक्टोबर अखेरीस, ऐन दिवाळीच्या दिवसांत, इलेव्हनलॅब्स या कंपनीनं ऑम्निव्होरची टीम आपल्याकडे घेतली आणि नोव्हेंबरात सेवा बंद झाली. डेटा काढून घ्यायला काही आठवडेच होते. फराळाच्या ताटाशेजारी लॅपटॉप उघडून हा गृहस्थ आपली कात्रणं उतरवून घेत होता. ॲप स्वतःच लिहायचं हे त्याच आठवड्यात ठरलं.

पुढे २२ मे २०२५ ला फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलानं पॉकेट बंद करत असल्याचं जाहीर केलं. पॉकेट या क्षेत्रातलं जुनं नाव. २००७ साली 'रीड इट लेटर' म्हणून फायरफॉक्सला जोडायचं छोटं साधन होतं, २०१२ मध्ये त्याचं पॉकेट झालं आणि २०१७ मध्ये मोझिलानं ते विकत घेतलं. ८ जुलै २०२५ ला शटर खाली आलं. ग्राहकांना नेता आली ती सीएसव्ही यादी: शीर्षक, लिंक, टॅग. लेखांचा मजकूर त्यात नव्हता. म्हणजे वर्षानुवर्षं जमवलेल्या कात्रणवहीऐवजी हातात पडली ती कुठल्या पेपरात काय आलं होतं याची अनुक्रमणिका. आणि वेबवरचे पेपर रद्दीत लवकर जातात. प्यू रिसर्च सेंटरनं २०२४ मध्ये तपासलं, तेव्हा २०१३ मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी सापडत नव्हती.

सगळीच दुकानं बुडाली असं नाही. इन्स्टापेपर २००८ पासून आहे. २०१३ मध्ये ते बीटावर्क्सकडे गेलं, २०१६ मध्ये पिंटरेस्टकडे, २०१८ मध्ये पुन्हा स्वतंत्र झालं. मालक बदलत गेले, ॲप टिकलं. पण ग्राहकाच्या बाजूनं पाहिलं तर तो नशिबाचा भाग झाला. आपली वही कोणाच्या कपाटात आहे आणि ते कपाट उद्या कोण विकत घेईल, हे त्याच्या हातात नव्हतं.

यावरचा एक विचार म्हणजे लोकल-फर्स्ट. २०१९ मध्ये इंक अँड स्विच या संशोधन गटानं तो नीट मांडला, आणि तेव्हापासून हा शब्द रुळला. मूळ प्रत तुमच्या यंत्रावर राहते. नेट नसलं तरी सगळं चालतं. सर्व्हर, म्हणजे कंपनीचा दूरचा संगणक, असलाच तर तो पोस्टमन, मालक नव्हे. कंपनी बुडाली तरी ॲप आणि डेटा तुमच्याकडे शिल्लक राहतो.

अडचण

मित्राच्या लेखी अडचण तांत्रिक होती. माझ्या लेखी ती धंद्याची होती, आणि आज मागे वळून पाहताना वाटतं की दोन्ही एकच होत्या.

सर्व्हरवरच्या ॲपची वर्गणी का जमते? ग्राहकाचा माल तुमच्या गोदामात असतो म्हणून. पैसे थांबवले तर शोध बंद, खुणा बंद. कोणी तसं बोलत नाही, पण ते तारण असतं. लोकल-फर्स्ट ॲपवाला ते तारण पहिल्याच दिवशी ग्राहकाच्या हवाली करतो. मग दुसऱ्या वर्षी त्यानं पैसे का द्यावेत?

शिवाय फुकटात बरंच काही उपलब्ध होतं. ॲपलच्या सफारी ब्राउझरात वाचनयादी २०११ पासून आहे. स्वतःचा सर्व्हर चालवण्याची हौस असेल तर मुक्तस्रोत वॉलाबॅग आहे. पॉकेटची प्रीमियम वर्गणी महिन्याला ४.९९ डॉलर किंवा वर्षाला ४४.९९ डॉलर होती. हा दर इथल्या वाचकाला सांगितला तर तो हसून लिंक स्वतःच्याच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवतो. आमचा खरा प्रतिस्पर्धी तोच होता: स्वतःलाच पाठवलेला मेसेज.

आणखी एक मर्यादा होती. मित्र नोकरी सोडणार नव्हता. रात्रीचे दोन तास आणि शनिवार, एवढंच भांडवल. हा निर्णय त्यानं सुरुवातीलाच घेतला आणि पुढच्या सगळ्या गोंधळात तोच आम्हाला तारून गेला.

समोरचे पर्याय

जानेवारी २०२५ मध्ये आम्ही चार पर्याय कागदावर मांडले.

पहिला, मासिक वर्गणी. हा हिशेबातच मेला. परदेशी ग्राहकांचे पैसे पॅडलसारख्या मध्यस्थामार्फत घ्यायचे असतील तर तो प्रत्येक व्यवहारामागे ५ टक्के आणि वर ५० सेंट घेतो. बदल्यात देशोदेशीचे कर तोच भरतो. २ डॉलरच्या मासिक हप्त्यावर ही कपात ६० सेंट होते, म्हणजे ३० टक्के. तीच २० डॉलरवर दीड डॉलर, म्हणजे साडेसात टक्के. छोटा हप्ता वारंवार घेणं म्हणजे ते ५० सेंट वारंवार भरणं. देशात पेमेंट गेटवेचा, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेचा, खर्च साधारण २ टक्के आणि त्या शुल्कावर जीएसटी, त्यामुळे तिथं टोचलं नसतं. पण रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमांनी आवर्ती कार्ड-व्यवहाराआधी २४ तास ग्राहकाला सूचना जाते. दर महिन्याला 'पैसे कापले जाणार आहेत' असा निरोप पाठवून ग्राहक टिकवायचा, तर ॲप रोजच्या वापरातलंच हवं. कात्रणांची वही रोजच्या वापरातली नसते. (व्यक्तिशः मला तो नियम आवडतो. विसरलेल्या वर्गण्यांवर चालणारा धंदा मला कधीच पटलेला नाही.)

दुसरा, ॲप मोफत आणि सिंकला, म्हणजे एका यंत्रावरचं दुसऱ्यावर आपोआप जुळवून ठेवण्याला, पैसे. ऑब्सिडियन हे टिपणांचं ॲप असंच चालतं: ॲप फुकट, सिंक वार्षिक बोलीवर महिन्याला ४ डॉलरपासून. मित्राला हा सर्वांत आवडायचा. मला शंका होती. सिंकसाठी सर्व्हर चालवायचा म्हणजे रात्री तीनला तो पडला की उठायचं कोणी? नोकरी करणाऱ्या माणसानं चोवीस तासांचं आश्वासन विकू नये.

तिसरा, एकरकमी किंमत, पुढे सगळं फुकट. चौथा, एकरकमी किंमत, त्यात एक वर्षाच्या सुधारणा. वर्षानंतर ॲप तसंच चालत राहील, नव्या सुधारणा हव्या असतील तर थोडे पैसे.

त्या दिवशी कागदावर चौथ्याला आम्ही दोघांनीही टिकमार्क केला होता. तो कागद अजून माझ्याकडे आहे. पाचेक महिन्यांनी आम्ही तिसरा निवडला. का, ते पुढे.

काय केलं: लेख पकडणं

पहिला नमुना वेब-ॲपचा होता, फेब्रुवारीत. इन्स्टॉल करायला नको, सगळ्या यंत्रांवर चालेल. दोन गोष्टींनी तो बाद केला. एक, वेब-ॲपला दुसऱ्या साइटवरचं पान सरळ उचलता येत नाही, ब्राउझरच अडवतो. मध्ये स्वतःचा सर्व्हर घालायचा, तर कोण काय वाचतंय ते सगळं आपल्याला दिसणार, म्हणजे मूळ वचनच मोडलं. दोन, सफारी २०२० पासून, वापराच्या सात दिवसांत एखाद्या साइटला हात लावला नाही तर तिनं साठवलेला माल पुसून टाकते. होम-स्क्रीनवर बसवलेल्या ॲपना सूट आहे, पण ते ग्राहकाला समजावून सांगत बसायचं कोणी? तुमच्याच यंत्रावर राहील म्हणून विकलेली वही गणपतीला गावी जाऊन येईपर्यंत कोरी झाली, तर शिव्या ब्राउझरला पडत नाहीत.

म्हणून डेस्कटॉप ॲप, ब्राउझरचं एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचं छोटं साधन) आणि अँड्रॉइड ॲप असं ठरलं. एक्स्टेंशनचा अनपेक्षित फायदा झाला. ते वाचकाच्या समोर उघडं असलेलं पानच साठवतं. वाचकानं एखाद्या दैनिकाची वर्गणी भरली असेल तर त्याला दिसणारा पूर्ण लेख साठतो. दूरच्या सर्व्हरनं तोच लेख आणायचा म्हटलं तर त्याला फक्त पहिला परिच्छेद मिळतो. प्रत वाचकाच्या यंत्रावर, त्याच्या स्वतःच्या वापरासाठी. आमच्याकडे कोणाच्याही लेखाची एकही प्रत नाही, यामुळे कॉपीराइटच्या बाबतीतही मला शांत झोप लागते.

पानातून जाहिराती, मेनू, 'हेही वाचा' वगळून लेख वेगळा काढायला मित्रानं मोझिलाची रीडेबिलिटी ही मुक्तस्रोत लायब्ररी (तयार कोडचा संच) घेतली, फायरफॉक्सच्या वाचनदृश्यामागे आहे तीच. ती परिच्छेदांना गुण देते: मजकूर लांब असला, स्वल्पविराम जास्त असले की गुण जास्त. इंग्रजी मासिकांवर झकास चालते. आपल्याकडच्या बातम्यांच्या पानांवर एकेका वाक्याचा परिच्छेद आणि मध्ये चार-चार जाहिराती. तिथं ती अडखळायची. मग त्या-त्या साइटसाठी वेगळे नियम लिहायचे: लेख या चौकटीत आहे, ती चौकट टाकून द्या. साइटचा तोंडवळा बदलला की नियम मोडायचा. मार्च-एप्रिलचे बहुतेक शनिवार यातच गेले. ही नोंद लक्षात ठेवा. किंमतीचा सगळा प्रश्न शेवटी इथंच येऊन सुटला.

काय केलं: सिंक

लॅपटॉपवर साठवलेलं फोनवर दिसायला हवं. मित्रानं आधी सीआरडीटी नावाचा प्रकार वापरला. दोघांनी एकाच वेळी, नेट नसताना बदल केले तरी ते नंतर बिनतंट्याचे एकत्र करणाऱ्या रचना त्या. फार हुशार काम, पण इथं ते लिंबू कापायला कोयता असल्यासारखं झालं. साठवलेला लेख बदलत नाही. बदलतात त्या चारच गोष्टी: वाचला की नाही, टॅग, कुठवर वाचला, आणि खुणा. महिनाभरानं त्यानं ते काढून टाकलं आणि उलट्या टोकाला गेला: एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसची, म्हणजे सगळ्या नोंदींची, फाइलच ग्राहकाच्या गूगल ड्राइव्हसारख्या फोल्डरमध्ये ठेवायची, सिंक फोल्डर करेल.

हा निर्णय चुकला. त्याची फळं जुलैत मिळाली. एका ग्राहकानं घरचा आणि ऑफिसचा, दोन्ही संगणकांवर ॲप उघडं ठेवलं. एसक्यूलाइट ताजे बदल काही काळ शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवते; फोल्डर-सेवेला ते काय ठाऊक? तिनं मुख्य फाइल एका वेळी उचलली, शेजारची दुसऱ्या वेळी, आणि वर एक 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी', म्हणजे न जुळणारी दुसरी प्रत, करून ठेवली. माणसाचे दोन आठवड्यांचे टॅग गेले. लेख शाबूत होते. तरी त्याच्या मेलचा सूर वाचून मित्र दोन रात्री झोपला नाही. एसक्यूलाइटच्या स्वतःच्या कागदपत्रांत या धोक्याचा इशारा लिहिलेला आहे, हे त्याला तिसऱ्या दिवशी दिसलं.

नवी रचना साधी आहे. प्रत्येक लेखाची एक फाइल. प्रत्येक यंत्राची बदलांची एक रोजकीर्द, म्हणजे क्रमवार नोंदवही. त्यात फक्त तेच यंत्र लिहितं, बाकीची वाचतात. दोन नोंदी एकमेकींविरुद्ध गेल्या तर नंतरची खरी. 'नंतरची' ठरवायला नुसतं घड्याळ पुरत नाही, कारण लॅपटॉपची घड्याळं चुकतात, म्हणून वेळेला चढता अनुक्रमांक जोडलेला. डेटाबेस या कीर्दींवरून केव्हाही पुन्हा बांधता येतो. मला हे ऐकताक्षणी पटलं. आमच्या जमाखर्चात शतकानुशतकं हेच चालतं: खतावणी, म्हणजे कीर्दीवरून उतरवलेली खात्यांची वही, फाटली तरी चालेल, कीर्द जपा.

काय केलं: पुणे आणि पाणी

हा भाग हिशेबाच्या दृष्टीनं किरकोळ आहे, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. एप्रिलमध्ये मी चाचणी घेत होतो. शोधात 'पुणे' टाकलं. पाणीटंचाईवरचे चार लेख आले. 'पेण' टाकलं, पुन्हा तेच चार.

कारण असं निघालं: एसक्यूलाइटच्या शोधाचा, मजकुराचे शब्द पाडणारा नेहमीचा भाग फक्त अक्षरं आणि अंक शब्दात धरतो. देवनागरीतली मात्रा, वेलांटी, उकार, हलन्त ही चिन्हं युनिकोडमध्ये (संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात) वेगळ्या वर्गात आहेत, आणि तो त्यांना मोकळी जागा समजतो. त्यामुळे पुणे म्हणजे 'प' आणि 'ण'. पाणी म्हणजेही 'प' आणि 'ण'. पेणही तेच. दुरुस्ती एका ओळीची: तो चिन्हांचा वर्गही शब्दात धरायचा आणि सूची पुन्हा बांधायची. पुढचा प्रश्न विभक्तीचा. 'पुणे' शोधणाऱ्याला 'पुण्यात' असलेला लेखही हवा असतो. मित्रानं शब्दाच्या शेवटची मात्रा काढून उरलेल्यापासून सुरू होणारे सगळे शब्द शोधायची युक्ती केली. पुणे-पुण्यात, घोडा-घोड्याला जमतं. 'फूल' शोधल्यावर 'फुलांचा' मिळत नाही, कारण ऊकारच ऱ्हस्व होतो. ते अजून बाकी आहे.

ही दुरुस्ती झाल्यावर पहिल्यांदा मला वाटलं की या ॲपला आपल्याकडे गिऱ्हाईक मिळेल.

काय केलं: विक्री

पॉकेट बंद होण्याची बातमी आली तेव्हा ॲप तयार नव्हतं. पण आठ जुलैची तारीख डोळ्यांसमोर होती, आणि एवढ्या वाचकांना एकदम नवं घर शोधावं लागण्याचा योग पुन्हा येणार नव्हता. मित्र म्हणाला, जूनमध्ये काढू. मी म्हणालो, मग किंमत सोपी ठेव. लोक वर्गण्यांना विटलेत, सेवा बंद पडल्यानं चिडलेत. त्यांना एकदाच पैसे घेऊन सांग, हे आता आयुष्यभर तुझं. ९९९ रुपये, परदेशात १९ डॉलर. सगळ्या सुधारणा कायम मोफत.

हीच ती सिंहाच्या वाट्याची चूक. मला तेव्हा सोय दिसत होती: रोख आगाऊ, नूतनीकरणाची कटकट नाही, मेलामेली नाही. आणि मी असा माणूस आहे की ज्यानं दोन छोट्या मराठी नियतकालिकांचे हिशेब पाहिलेत आणि दोन्हीकडे 'आजीव वर्गणीदार' नावाचं प्रकरण काय असतं ते जवळून अनुभवलंय. सुरुवातीला आजीव वर्गणीच्या पैशांवर छपाईचं बिल भागतं. पुढे कागद महागतो, टपाल महागतं, आणि आजीव वर्गणीदार, देवाच्या दयेनं, ठणठणीत असतात. हे सगळं ठाऊक असून मी मित्राला आजीवच विकायला लावलं. दुसऱ्याच्या घाईला होकार देताना स्वतःचं शहाणपण कुठं जातं कोण जाणे.

लायसन्सची पद्धत मात्र चांगली निघाली. पैसे भरले की डिजिटल सही केलेली एक छोटी फाइल मिळते. ॲप ती नेटशिवाय पडताळतं. सर्व्हरला विचारणं नाही. पहिले ५० लेख फुकट, मग लायसन्स. लेख बाहेर काढण्याची सोय लायसन्स असो-नसो, कायम चालू. कोणी फाइल मित्राला दिली तर देऊ दे, हे आम्ही आधीच मान्य केलं होतं. पुस्तकंही लोक एकमेकांना देतातच.

पहिल्या सहा आठवड्यांत चारशेच्या आसपास प्रती गेल्या. निम्म्याहून जास्त परदेशात, त्यात अमेरिका-युरोपातले मराठी वाचक बरेच. मित्रानं मला बेडेकरांची मिसळ खिलवली.

मग ऑगस्ट आला. विक्री ओसरली, काम ओसरलं नाही. दोन मोठ्या मराठी साइटींनी एकाच पंधरवड्यात आपली पानं बदलली आणि आमचे नियम मोडले. चारशे जणांना दुरुस्ती हवी होती आणि तिचे पैसे आपण जूनमध्येच खर्च केले होते. मी कागदावर भागाकार केला: ९९९ रुपये, पाच वर्षं धरली, तर महिन्याला साडेसोळा रुपये. कपाती धरण्याआधी. कटिंग चहाचे पैसे.

त्याच सुमारास एका निवृत्त शिक्षकांचा मेल आला. अतिशय सभ्य. विचारलं होतं: "आजीव म्हणजे कोणाचं आयुष्य? माझं, आपलं, की ॲपचं? माझ्या पश्चात मुलाला वापरता येईल का?" मित्रानं मेल मला पुढे पाठवला, वर एकच शब्द लिहून: "सांग."

किंमत पुन्हा मांडताना

सप्टेंबरात आम्ही पुन्हा बसलो. मित्राचं पहिलं म्हणणं, सिंकला पैसे लावू. मी त्याला मागच्या नऊ महिन्यांचे तास लिहून काढायला सांगितलं. सिंकवर जुलैतली दुरुस्ती सोडता जवळपास काहीच नाही. फोल्डर ग्राहकाचा, खर्च शून्य. सर्वाधिक तास साइटींच्या नियमांवर. म्हणजे न संपणारा खर्च सर्व्हरचा नव्हताच. बदलत्या वेबच्या मागे धावण्याचा होता. ज्याचा खर्च एकदा झाला त्याची किंमत एकदा घ्यावी, ज्याचा दरवर्षी होतो त्याची दरवर्षी, हे कोणत्याही किराणा दुकानदाराला कळतं. आम्ही वर्षभर चुकीच्या खर्चाकडे बघत होतो.

पण मग अवघड प्रश्न आला. वर्षानंतर पैसे न भरणाऱ्याचे नियम जुने होणार, हळूहळू काही साइटींवर ॲप चाचपडणार. मग 'ॲप कायम तुमचं' हे वचन खरं राहिलं का? दोन संध्याकाळी यावर गेल्या. मित्राचं म्हणणं, नियम सगळ्यांना फुकट द्यावेत. माझं म्हणणं, मग विकायचं काय? शेवटी मधला मार्ग निघाला: सर्वसाधारण लेख-वेचणी सगळ्यांना कायम. शिवाय वेचणी फसली तर हातानं मजकूर निवडून साठवण्याची सोय, तीही कायम. ज्याला जमेल त्यानं स्वतःचे नियम लिहावेत, त्यालाही आडकाठी नाही. आमच्या हातचे ताजे नियम आणि नव्या सोयी मात्र वर्षाच्या हिशेबानं.

ऑक्टोबर २०२५ पासून ७९९ रुपये, त्यात पहिलं वर्ष. पुढे हवं तर वर्षाला ३९९. परदेशात २४ आणि १२ डॉलर. आपोआप कापणी नाही; वर्ष संपताना ॲपमध्येच एक ओळ दिसते. ज्यांनी आजीव घेतलं त्यांचं आजीवच राहिलं. शिक्षकांना उत्तर गेलं: आयुष्य ॲपचं, लायसन्स मुलाला वापरता येईल, आम्ही काम थांबवलं तर शेवटची आवृत्ती लायसन्सशिवाय चालेल अशी करून देऊ. तेच वाक्य आता विक्रीच्या पानावर आहे.

जीएसटीचं एक सांगायला हवं. सेवा देणाऱ्याची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत साधारणपणे नोंदणी सक्तीची नसते, त्यामुळे जूनमध्ये आम्ही करासकट-कराविना असा विचारच केला नाही. उद्या मर्यादा ओलांडली तर १८ टक्के त्याच किमतीतून जातात: ९९९ मधले हातात सुमारे ८४७ उरतात. नवी किंमत ठरवताना मी कर धरूनच आकडा काढला, आज भरावा लागत नसला तरी.

परिणाम

डिसेंबर २०२५ अखेरची स्थिती: नव्या किमतीनं महिन्याला वीस-पंचवीस प्रती जातात. कमी आहेत, पण थांबलेल्या नाहीत. नूतनीकरण किती जण करतात ते ऑक्टोबर २०२६ मध्येच कळेल, त्यामुळे नवी पद्धत यशस्वी झाली असं मी आज म्हणणार नाही. दर वाढवल्याची तक्रार एकाचीच आली. टॅग गमावलेल्या त्या ग्राहकानं पैसे परत घ्यायचं नाकारलं आणि नवी कीर्द-पद्धत सर्वांत आधी तपासून दिली. मित्राची नोकरी चालू आहे. ॲपचा तोटा नाही. रात्रींचा मोबदला धरला तर आहे.

पुन्हा करायचं तर

जूनची घाई मी टाळली असती असं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. ती संधी खरोखर होती. आजीव विकायचंच होतं तर मोजून विकायला हवं होतं: पहिल्या शंभरांना, दुप्पट दरानं, मग बंद.

आयफोनची आवृत्ती आम्ही मागे ठेवली. ॲपलचे वर्षाचे ९९ डॉलर आणि छोट्या धंद्यांसाठीची १५ टक्के कपात परवडली असती. पण जुन्या ग्राहकाला पुढच्या वर्षासाठी सवलतीची किंमत लावायची सरळ सोय त्या दुकानात नाही, आणि आयफोनवर परक्या फोल्डरमधून मागच्या मागे सिंक करणं कटकटीचं. कारणं पटण्यासारखी होती. तरी पॉकेट सोडून आलेल्या परदेशी वाचकांचा पहिला प्रश्न तोच असायचा, आणि उत्तर ऐकून ते परत जायचे. परदेशी बाजार मनात धरून डॉलरमध्ये किंमत लावायची आणि फोन मात्र इथले धरायचे, यात मेळ नव्हता.

वापराची कोणतीही माहिती ॲप आमच्याकडे पाठवत नाही, त्यामुळे ५० फुकट लेखांनंतर किती जण थांबले ते आम्हाला माहीत नाही. मित्र याचा अभिमान बाळगतो. मला अधूनमधून चिडचिड होते. निदान ५० व्या लेखाला 'का थांबताय' विचारणारा, वाचकानं स्वतः पाठवायचा एक प्रश्न ठेवता आला असता. जानेवारी २०२६ च्या आवृत्तीत तो येतोय.

आणि तासांची नोंद. ती पहिल्या शनिवारपासून ठेवायला हवी होती. सप्टेंबरात मित्रानं ती आठवून, जुने बदल चाळून लिहिली. आधी असती तर जूनमध्येच दिसलं असतं की कष्ट कुठं जाताहेत.

आजीव वर्गणीच्या रकमेसाठी मी आता वेगळा खाना केलाय. 'आगाऊ मिळालेलं उत्पन्न' म्हणून ती पाच वर्षांत समान वाटून दाखवतो. कायद्यानं सांगितलंय म्हणून नव्हे, मित्राला दिसावं म्हणून. दर महिन्याला त्यातले साडेसोळा रुपये माणशी कमावल्याच्या बाजूला येतात. उरलेले त्या चारशे जणांचे आहेत, जून २०३० पर्यंत.